आफ्रिकनांचा गुलाम : पेद्रो क्लावेर

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या कोलंबिया देशात, कार्ताहेना नावाचे एक जुने बंदर आहे. १५३३ साली पेद्रो दे एरेदिया ह्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ते वसविले. स्पेनमध्येही ह्याच नावाचे बंदर असल्यामुळे ह्या नव्या नगराला इंडीजमधील कार्ताहेना असे म्हणू लागले. तेथील खाडी खोल आणि वादळापासून सुरक्षित होती. पेरूची चांदी मायदेशी नेणारी स्पॅनिश जहाजे ह्याच खाडीत नांगर टाकीत. १५८६ साली इंग्रज दर्यावर्दी ड्रेक ह्याने हे नगर लुटले. त्यानंतर स्पेनच्या राजाने त्याच्याभोवती दगडी तट उभारण्यास आरंभ केला. ते तट आजही पाहावयास मिळतात आणि दूरदूरचे प्रवासी ते पाहून त्यांची वाखाणणी करतात.

परंतु ह्या बंदराचे वैभव केवळ चांदीवर उभे राहिले नव्हते. स्पॅनिश अमेरिकेत आफ्रिकन गुलाम उतरविण्यास ज्या मोजक्या बंदरांना राजाची परवानगी होती, त्यांत कार्ताहेना अग्रेसर होते. १५९५ ते १६४० ह्या काळात हा व्यापार पोर्तुगीज मक्तेदारांच्या हाती होता. गिनीच्या किनाऱ्यावरील नद्यांच्या मुखांतून आणि अंगोलातील लुआंडा बंदरातून माणसांनी भरलेली जहाजे निघत आणि अनेक आठवड्यांच्या प्रवासानंतर येथे येत. वाटेत पुष्कळ माणसे मरत. जी उरत त्यांना येथील आवारांत कोंडून ठेवीत, चार दिवस खाऊपिऊ घालून अंगावर मांस आणीत आणि मग विकीत. कोणी सोन्याच्या खाणीत जाई, कोणी शेतमळ्यावर, तर कोणी पुढे पनामामार्गे पेरूपर्यंत.

अशा ह्या नगरात एका धर्मगुरूंनी एकोणचाळीस वर्षे काढली. त्यांनी तेथे एकही मोठी संस्था स्थापन केली नाही, की एखादा ग्रंथ लिहिला नाही. जहाज आले की ते धक्क्यावर जात. पेद्रो क्लावेर हे त्यांचे नाव. इंग्रजी पुस्तकांमुळे आपण त्यांना पीटर क्लेव्हर म्हणून ओळखतो.

वेर्दू ते मायोर्का

स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया प्रांतात वेर्दू नावाचे एक गाव आहे. तेथे १५८० साली एका शेतकरी कुटुंबात पेद्रोंचा जन्म झाला. त्यांची मातृभाषा कातालान. म्हणजे ज्या स्पॅनिश भाषेत पुढे त्यांना आयुष्यभर व्यवहार करावयाचा होता, तीही त्यांना शिकूनच घ्यावी लागली. बार्सिलोना येथे काही काळ शिक्षण घेऊन १६०२ साली ते तारागोना ह्या समुद्रकाठच्या नगरात येशूसंघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांना भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर पाल्मा येथील विद्यालयात पाठविण्यात आले.

विद्यालयाच्या दारावर तेव्हा आलोन्सो रोद्रिगेस नावाचे एक वृद्ध ब्रदर द्वारपालाचे काम करीत होते. पूर्वाश्रमीचे ते सेगोव्हियाचे कापडव्यापारी. पत्नी आणि मुले एकामागून एक मरण पावली, व्यापार बुडाला आणि उतारवयाकडे झुकल्यावर त्यांनी संघात प्रवेश मागितला. उच्च शिक्षणाचे वय उलटून गेले होते, म्हणून त्यांच्या वाट्याला दार उघडण्याचे काम आले आणि ते त्यांनी कित्येक वर्षे केले. दारावरची घंटा वाजली की बाहेर प्रत्यक्ष प्रभूच उभा आहे असे समजून ते दार उघडावयास जात. तरुण पेद्रो ह्या म्हाताऱ्या द्वारपालापाशी रोज जाऊन बसू लागले. विद्यालयातील विद्वानांपेक्षा ह्या अल्पशिक्षित माणसाने त्यांना अधिक शिकविले. समुद्रापलीकडील देशांत जाण्याची प्रेरणा त्यांना येथेच मिळाली. आलोन्सोंनी आपल्या हाताने लिहून दिलेली बोधवचनांची वही पेद्रोंनी अखेरच्या श्वासापर्यंत जवळ बाळगली.

१६१० साली सेविल्याहून निघालेल्या जहाजातून ते अमेरिकेस गेले. बोगोता येथे त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पूर्ण केला खरा, परंतु धर्मगुरू होण्याची आपली योग्यता आहे की नाही ह्याविषयी त्यांच्या मनात मोठी शंका होती. आलोन्सोंप्रमाणे साधा ब्रदर राहून सेवा करावी असे त्यांना वाटे. वरिष्ठांनी ते मानले नाही. १६१५ साली ते कार्ताहेनाला आले आणि १६१६ च्या मार्च महिन्यात तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

मराठी ख्रिस्ती वाचकाला १६१६ हे साल परिचयाचे आहे. त्याच साली, त्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राचोल येथे छापून बाहेर पडले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे आपली भाषा शिकून, तिच्या ओवीत प्रभूची कथा सांगितली. त्यांच्यापुढे एक भाषा होती आणि ती शिकावयास अवधी होता. कार्ताहेनाच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या पेद्रो क्लावेर ह्यांच्यापुढे मात्र एकाच जहाजात अनेक भाषा उतरत, आणि त्या बोलणारी माणसे काही आठवड्यांतच विकली जाऊन कायमची दृष्टिआड होत.

गुरू सांदोवाल

ह्या अडचणीचा विचार क्लावेर ह्यांच्या आधी एका व्यक्तीने केला होता. फादर आलोन्सो दे सांदोवाल हे १६०५ सालापासून कार्ताहेनात गुलामांमध्ये काम करीत होते. त्यांचा जन्म सेविल्याचा, पण बालपण पेरूतील लिमा नगरात गेले होते. सांदोवाल अभ्यासू वृत्तीचे होते. कोणते लोक कोठून येतात, त्यांची भाषा कोणती, कोणाची भाषा कोणाला समजते, अंगावरील गोंदणव्रणांवरून कोणाची जमात कशी ओळखावी, ह्या सर्वांची त्यांनी बारकाईने नोंद केली. ह्या अनुभवावर आधारलेला त्यांचा मोठा ग्रंथ १६२७ साली सेविल्यात प्रसिद्ध झाला.

सांदोवाल ह्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढविण्यापूर्वी शेकडो बंदिवानांवर एकदम पाणी शिंपडून त्यांचा बाप्तिस्मा झाला असे जाहीर करीत. काय चालले आहे हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलेलेच नसे. कित्येकांना तो एखादा जादूटोणा वाटे, तर कित्येकांना मरणाची तयारी. ज्याचा अर्थ कळला नाही, ज्याला मनाने होकार दिला नाही, तो बाप्तिस्मा खरा कसा मानावा, असा प्रश्न सांदोवाल ह्यांनी निर्भयपणे विचारला. प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, त्याने काय ऐकले आणि काय समजले ह्याची चौकशी केली पाहिजे, आणि त्यासाठी योग्य दुभाषे मिळविलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. क्लावेर ह्यांनी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकून घेतले.

एक शब्द

१६२२ च्या एप्रिल महिन्यात क्लावेर ह्यांनी संघाची अखेरची व्रते घेतली. व्रतपत्रावर सही करताना त्यांनी आपल्या नावापुढे लॅटिन भाषेत काही शब्द अधिक लिहिले. आपण इथिओपियनांचे सदैव गुलाम आहोत, असा त्यांचा आशय होता. त्या काळच्या लॅटिनमध्ये सर्वच आफ्रिकनांना इथिओपियन म्हणत. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात गाझाच्या वाटेवर रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या राणीच्या खजिनदाराचे वर्णन आहे, तोही ह्याच नावाने ओळखला जातो. त्यालाही ग्रंथ हाती असून अर्थ समजावून देणारा कोणी नव्हता.

क्लावेर ह्यांनी आपल्याला लावून घेतलेला तो लॅटिन शब्द मराठीत कसा आणावा? भाषांतराच्या कामात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यापुढे हा प्रश्न अनेकदा उभा राहिला आहे. पौल स्वतःला ख्रिस्ताचा ज्या ग्रीक शब्दाने म्हणवून घेतो, तोच हा शब्द. मराठी पवित्र शास्त्रात त्याला आपण ‘दास’ म्हणतो. पण ‘दास’ हा शब्द आपल्या भक्तिपरंपरेत इतका मुरला आहे, संतांच्या आणि सज्जनांच्या नावांना इतका चिकटला आहे, की त्यात अपमानाची धार आता राहिलेली नाही. उलट तो शब्द ऐकला की आपल्याला नम्रतेचा सुगंध येतो. कार्ताहेनाच्या बाजारात मात्र त्या शब्दाला सुगंध नव्हता, तेथे त्याची किंमत ठरत असे. ज्याचे दात पाहून दर ठरवितात, ज्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने खूण उठवितात, ज्याची मुले त्याची नसतात, तो हा शब्द. म्हणून ह्या लेखाच्या मथळ्यात मी ‘दास’ न लिहिता ‘गुलाम’ असे लिहिले आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपल्या प्रभूविषयी जे सांगतो, त्यातला धक्काही ‘गुलाम’ म्हटल्याशिवाय आपल्याला पुरता बसत नाही.

परंतु असा शब्द लिहिणे सोपे असते. तो जगता येतो की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

जहाज येते

कार्ताहेनाच्या दिशेने गुलामांचे जहाज येत आहे ही बातमी जो प्रथम देईल, त्याच्यासाठी आपण विशेष प्रार्थना करू, असे क्लावेर ह्यांनी सांगून ठेवले होते. बंदरावरचे मोठमोठे अधिकारीही ही बातमी पोहोचविण्यासाठी चढाओढ करीत. बातमी मिळाली की ते नगरात फिरून फळे, बिस्किटे, तंबाखू, दारू आणि सुगंधी द्रव्ये मागून आणीत, दुभाष्यांना सोबत घेत आणि लहान होडीत बसून जहाज गाठीत.

त्यांच्या एका पत्रात अशा एका दिवसाची हकीकत आली आहे. तो दिवस ३० मे १६२७, त्रैक्याच्या सणाचा रविवार. एका मोठ्या जहाजातून पुष्कळ आफ्रिकन उतरविण्यात आले होते. संत्री, लिंबे, गोड बिस्किटे अशा दोन टोपल्या भरून क्लावेर आणि त्यांचे सोबती धावत गेले. दाटीतून वाट काढीत ते आजाऱ्यांपर्यंत पोहोचले. आजारी माणसे ओल्या जमिनीवर, नव्हे चिखलात, उघडीनागडी पडली होती. ओल लागू नये म्हणून कोणीतरी कौलांचे व विटांचे तुकडे पसरून उंचवटा केला होता. तेच त्यांचे अंथरूण.

त्यांनी आपले झगे काढून ठेवले. जवळच्या वखारीतून फळ्या आणून चौथरा केला आणि एकेका आजाऱ्याला उचलून त्यावर नेले. त्यांतील दोघे मरणाच्या दारात होते. अंग गार पडलेले, नाडी हाताला लागत नव्हती. कौलाच्या तुकड्याने निखारे ओढून त्यांच्यामध्ये ठेवले, त्यावर सुगंधी द्रव्ये टाकली आणि त्यांना धुरी दिली. पांघरूण म्हणून आपलेच झगे घातले, कारण मालकांकडे कपडा मागणे म्हणजे शब्द वाया घालविणे होते. दोघांच्या अंगात हळूहळू ऊब आली. त्यांनी डोळे उघडले आणि ह्या अनोळखी माणसांकडे आनंदाने पाहिले. मग क्लावेर ह्यांनी गुडघे टेकून द्राक्षारसाने आजाऱ्यांची तोंडे आणि अंगे पुसली.

ह्या पत्रातील एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण त्यांच्याशी बोललो ते हातांनी आणि कृतीने, असे क्लावेर सांगतात. आपल्याला खाण्यासाठी येथे आणले आहे अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. ज्याला आपण खाल्ले जाणार असे वाटते, त्याला दुसरी कोणती भाषा समजणार? दुभाषे सोबत होते, शिकवणही त्याच दिवशी व्हावयाची होती. पण सर्वांत आधी त्या माणसाच्या मनातले भय जावयास हवे होते, आणि ते निखाऱ्यांनी आणि झग्याने गेले. त्यानंतरच बाप्तिस्म्याविषयीचे पहिले बोलणे सुरू झाले.

ख्रिस्ताचे वचन दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याने हे दृश्य विसरू नये. आपण शब्दाला प्रतिशब्द शोधीत बसतो आणि ते आवश्यकच आहे. पण ऐकणाऱ्याने आपल्याला कोणाच्या बाजूचे मानले आहे, ह्यावर त्या शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. ज्या रंगाच्या माणसांनी साखळी घातली, त्याच रंगाचा माणूस देव प्रीती आहे असे सांगू लागला, तर साखळीतल्या माणसाला काय ऐकू येईल?

दुभाषे

क्लावेर ह्यांच्या चरित्रात त्यांच्या दुभाष्यांना फार थोडी जागा मिळते. वास्तविक त्यांच्यावाचून हे काम एक दिवसही चालले नसते. आंद्रेस साकाबुचे नावाचा दुभाषी अंगोलाचा होता. आणखी एकाला सर्वजण कालेपिनो म्हणत. कालेपिनो हे त्या काळच्या एका प्रसिद्ध शब्दकोशकाराचे नाव. ह्या आफ्रिकनाला दहाहून अधिक भाषा येत, म्हणून लोकांनी त्याला चालताबोलता शब्दकोशच ठरविले. ह्या माणसांच्या जिभेवरून शुभवर्तमान वाहत गेले. मरणाच्या दारातील माणसाला त्याच्या आईच्या भाषेत धीर देणारा आवाज क्लावेर ह्यांचा नव्हता, तो ह्या दुभाष्यांचा होता.

आणि हे दुभाषे स्वतः गुलाम होते. येशूसंघाच्या विद्यालयाने ते विकत घेतले होते.

क्लावेर त्यांना मानाने वागवीत. शिकवणीच्या वेळी दुभाष्यांना बसावयास आसन दिले जाई. दुभाषी आजारी पडला तर त्याला आपल्या बिछान्यावर निजवून ते स्वतः जमिनीवर पडत, असे सोबत्यांनी सांगितले आहे. दुभाष्यांना दुसऱ्या कामास जुंपू नये म्हणून त्यांनी रोमपर्यंत पत्रव्यवहार केला. हे सर्व खरे आहे. तरीही, जो स्वतःला गुलामांचा गुलाम म्हणवितो त्याच्या बाजूला उभा राहून बोलणारा माणूस कागदोपत्री दुसऱ्याची मालमत्ता असावा, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करते, आणि तिने अस्वस्थ करावयासच हवे.

नगरातील दिवस

जहाजे रोज येत नसत. इतर दिवशी क्लावेर सेबास्तियनच्या रुग्णालयात जात, आणि नगराबाहेर लाजरसाच्या नावाने चालणाऱ्या कुष्ठरोग्यांच्या वसतीत जात. त्यांचा झगा कधी आजाऱ्याचे अंथरूण होई, कधी पांघरूण, तर कधी एखाद्या उघड्या माणसाची अब्रू झाकी. तो दिवसातून कित्येकदा धुवावा लागे.

चर्चमध्ये पापनिवेदन ऐकताना ते गुलामांना आधी घेत. श्रीमंत घरच्या स्त्रियांना रांगेत शेवटी थांबावे लागे. ह्या लोकांच्या अंगाला वास येतो आणि चर्च घाण होते, अशा तक्रारी वरिष्ठांकडे जात. क्लावेर वाद घालीत नसत आणि क्रमही बदलीत नसत. त्यांच्याविषयी वरिष्ठांनी जी गुप्त टिपणे रोमला पाठविली, त्यांत त्यांची बुद्धी साधारण आणि व्यवहारचातुर्य कमी असे नोंदविले आहे. गुलामांमधील कामास ते योग्य आहेत, एवढे मात्र मान्य केले आहे. त्या नगरात ज्याला व्यवहारचातुर्य म्हणत ते त्यांच्यापाशी खरोखरच नव्हते.

त्यांनी सुमारे तीन लाख लोकांना बाप्तिस्मा दिला असे परंपरा सांगते. मला ह्या आकड्याचे फारसे महत्त्व वाटत नाही. लोकांना नावे लक्षात राहावीत म्हणून दहा दहा जणांच्या गटाला एकच नाव देत असत, हे वाचले की मन दुखावते. व्यवहारात ती सोय असेल, पण आईने ठेवलेले नाव समुद्रापलीकडे राहिले आणि नवे नावही एकट्याचे मिळाले नाही.

जे त्यांनी केले नाही

संतांची चरित्रे लिहिताना दोष झाकण्याची रीत आहे. पवित्र शास्त्र मात्र दाविदाचे पाप झाकीत नाही, की पेत्राने केलेला नकार झाकीत नाही. म्हणून क्लावेर ह्यांनी जे केले नाही तेही सांगणे भाग आहे. गुलामगिरीची पद्धतच पाप आहे असे ते कधी जाहीरपणे म्हणाले नाहीत. मालकांच्या घरी जाऊन दयेने वागा अशी विनवणी ते करीत, पण ह्यांना सोडून द्या अशी मागणी त्यांनी केली नाही. त्यांचा संघ शेतमळे चालवी आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत. आफ्रिकनांचे ढोल आणि नाच त्यांना खपत नसत. ते थांबविण्यास ते स्वतः जात.

तो काळच तसा होता, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही, कारण त्याच शतकात वेगळा विचार करणारी माणसेही होती. कार्ताहेनाच्या परिसरातून पळून गेलेल्या गुलामांनी बेंकोस बिओहो ह्या आपल्या नेत्याच्या मागे जाऊन दलदलीत आणि रानात वस्त्या उभारल्या. नगराने त्याच्याशी तह केला आणि पुढे १६२१ साली त्याला पकडून फाशी दिले. क्लावेर तेव्हा त्याच नगरात होते. त्या परंपरेतील सान बासिलिओ दे पालेंके हे गाव आजही आहे. स्पॅनिश आणि आफ्रिकेतील काँगो भाषा ह्यांच्या मेळातून जन्मलेली तेथील बोली अद्याप जिवंत आहे, आणि २००५ साली युनेस्कोने त्या गावाच्या संस्कृतीचा गौरव केला. क्लावेर ह्यांच्या मृत्यूनंतर तीसएक वर्षांत, १६८१ च्या सुमारास, फ्रान्सिस्को होसे दे हाका आणि एपिफानियो दे म्वारां ह्या दोन कापुचिन धर्मबंधूंनी क्यूबाच्या किनाऱ्यावरील हवाना बंदरात उघड सांगितले की गुलाम ठेवणे अन्याय आहे, त्यांना मुक्त केले पाहिजे आणि त्यांच्या श्रमाचा मोबदलाही दिला पाहिजे. त्यासाठी त्यांना अटक झाली. म्हणजे हा विचार ख्रिस्ती मनाला त्याही काळी सुचू शकत होता.

क्लावेर ह्यांनी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला. वाटेवरच्या लुटारूंना त्यांनी जाब विचारला नाही. दोन्ही कामे प्रभूची आहेत. पहिले काम करणाऱ्याला दुसरे न केल्याबद्दल आपण प्रश्न विचारावा, पण ज्याने दोन्हींपैकी एकही केलेले नाही त्याने तो जपून विचारावा.

अखेरची चार वर्षे

१६५० नंतर कार्ताहेनात रोगाची मोठी साथ आली. विद्यालयातील अनेक धर्मगुरू मृत्यू पावले. गुरू सांदोवालही १६५२ साली गेले. क्लावेर वाचले, पण त्यांचे हातपाय कायमचे लुळे झाले. हात इतके कापत की त्यांना प्रभुभोजनाचा विधी करता येईना. त्यानंतरची सुमारे चार वर्षे त्यांनी एका खोलीत पडून काढली.

ज्या नगराने त्यांना बातम्या पोहोचविण्यात चढाओढ केली, ते त्यांना विसरले. त्यांच्या शुश्रूषेसाठी एका तरुण गुलामाला नेमण्यात आले होते. त्याने त्यांची नीट काळजी घेतली नाही. तो त्यांचे अन्न स्वतःच खाई, त्यांना दिवसेंदिवस तसेच पडू देई आणि कपडे घालताना दांडगाईने ओढी. क्लावेर ह्यांनी त्याच्याविषयी तक्रार केली नाही. आपल्या पापांच्या मानाने हे काहीच नाही, असे त्यांना वाटे.

चरित्रकार ह्या तरुणाला दोष देतात. मला मात्र त्याचाही विचार करावासा वाटतो. तोही कधीतरी अशाच एखाद्या जहाजातून आला असेल, किंवा आलेल्यांच्या पोटी जन्मला असेल. ह्या म्हाताऱ्याची सेवा करावयाची की नाही हे त्याला कोणी विचारले नव्हते. १६२२ साली व्रतपत्रावर जो शब्द लिहिला गेला, तो त्या खोलीत अक्षरशः खरा झाला. एक आफ्रिकन आपल्या इच्छेप्रमाणे वागवीत होता आणि एक गोरा धर्मगुरू ते निमूटपणे सोसत होता. आपण कोणाचे गुलाम आहोत हे क्लावेर ह्यांनी स्वतः लिहून दिले होते, आणि अखेरीस त्यांनी ते नाकारले नाही.

८ सप्टेंबर १६५४ रोजी त्यांनी देह ठेवला. ते मरणासन्न असल्याची बातमी पसरताच सारे नगर जागे झाले. लोकांनी खोलीत घुसून आठवण म्हणून हाती लागेल ती वस्तू नेली. अधिकाऱ्यांनी सरकारी खर्चाने थाटाची अंत्ययात्रा काढली.

साक्ष

चार वर्षांनी, १६५८ साली, त्यांच्या जीवनाविषयी अधिकृत साक्षी नोंदविण्यास आरंभ झाला. साक्षीदारांत अधिकारी होते, धर्मगुरू होते, प्रतिष्ठित स्त्रिया होत्या आणि ते आफ्रिकन दुभाषेही होते. आंद्रेस साकाबुचे पुढे आला, त्याचे इतर सोबतीही आले. चिखल, धुरी, झगा, टोपल्या हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द वाहून नेणाऱ्या ह्या माणसांचे स्वतःचे शब्द तेव्हा प्रथमच कागदावर उतरले. क्लावेर ह्यांच्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातले पुष्कळसे त्यांच्यामुळेच माहीत आहे.

१८८८ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी क्लावेर ह्यांना संतपद दिले. त्याच दिवशी मायोर्काच्या त्या द्वारपालालाही, आलोन्सो रोद्रिगेस ह्यांनाही, संत म्हणून घोषित करण्यात आले. कोलंबियात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८५१ साली झाला. पुढे त्या देशाने क्लावेर ह्यांचा ९ सप्टेंबरचा स्मरणदिन मानवी हक्कांचा राष्ट्रीय दिवस म्हणून ठरविला. ज्यांनी हक्क हा शब्द कधी वापरला नाही, त्यांच्या नावे हक्कांचा दिवस पाळला जातो. ही विसंगती आहे खरी, पण मानवाची किंमत ज्याला कळली त्याच्या कामातून पुढच्या पिढ्या त्याला न सुचलेल्याही गोष्टी शिकू शकतात.

आपण मराठी ख्रिस्ती लोक आज भारताच्या अनेक प्रांतांत राहतो. कोणी कोलकात्यात, कोणी बंगळूरात, तर कोणी एखाद्या बंदराच्या गावी. आपल्या दाराशी रोज अशी माणसे येतात ज्यांची भाषा आपल्याला येत नाही. ती कामासाठी येतात आणि काम संपले की दृष्टिआड होतात. त्यांच्याशी बोलण्यास आपल्यापाशी शब्द नाहीत, ही सबब आपण स्वतःला देत असतो. चिखलात गुडघे टेकून अनोळखी माणसाचे तोंड पुसणाऱ्या धर्मगुरूंपाशीही तेव्हा शब्द नव्हते. शब्द दुभाष्यांपाशी होते. त्यांच्यापाशी दोन हात होते आणि एक झगा होता. दोन हात तर आपल्यालाही आहेत. आपल्या प्रभूने ते कशासाठी दिले, हे त्याने आपल्याला दाखवावे, आणि जाब विचारण्याची वेळ येईल तेव्हा तोंडही उघडावे, एवढीच प्रार्थना.